एकाच पिंपावर धोक्याचे तीन हिशेब

रासायनिक कारखान्यात स्फोट झाला की चर्चा रिअ‍ॅक्टर, बॉयलर आणि परवान्यांभोवती फिरते. कामगाराला धोक्याची पहिली सूचना देणारे पिंपावरचे लेबल मात्र दुर्लक्षितच राहते.

टोल्युइनचेच पाहा. वाहतुकीसाठी पिंपावर लावलेल्या लाल चौकोनाच्या तळाशी ‘३’ असतो. तो ज्वालाग्राही द्रवांचा वर्ग. धोका किती, हे तो सांगत नाही. गोदामावरच्या, एनएफपीए या अमेरिकी अग्निसुरक्षा संस्थेच्या चौरंगी चौकोनात लाल घरात पुन्हा ‘३’. तो मात्र तीव्रता सांगतो. तिथे ० ते ४ अशी चढती श्रेणी असून ४ सर्वांत घातक. संयुक्त राष्ट्रांच्या जीएचएस पद्धतीच्या सेफ्टी डेटा शीटमध्ये हेच टोल्युइन श्रेणी २ मध्ये येते आणि तिथला क्रम उलटा, १ सर्वांत घातक. डायइथाइल ईथरच्या ज्वलनशीलतेला एनएफपीए ४ देते, जीएचएस १. ‘१’ पाहून निर्धास्त होणाऱ्या हेल्परला दोष कसा द्यायचा?

एनएफपीएचा चौकोन अग्निशमन दलाच्या कामाचा, टँकरवरची पाटी रस्त्यावरच्या अपघातासाठी. त्या राहाव्यात. पण रोज माल हाताळणाऱ्यासाठी लाल किनारीची जीएचएस चित्रेच प्रमाण मानावीत. चित्रे अवघी नऊ आहेत; परराज्यांतून आलेल्या कंत्राटी कामगारालाही ती शिकवता येतात. शिकवावी मात्र लागतात. छातीवर चांदणीसारखी खूण असलेली मानवाकृती कर्करोगासारख्या, उशिरा उमटणाऱ्या धोक्यांकडे बोट दाखवते, हे आपोआप कळत नाही.

‘लेबल वाचतो कोण?’ असे व्यवस्थापन विचारते. पिंपातून लहान कॅनमध्ये माल काढला की त्यावर लेबलच नसते, मग वाचणार काय? भोपाळ दुर्घटनेनंतर आलेल्या १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनुसार प्रत्येक पात्रावर आतील रसायनाचे नाव आणि धोक्याची माहिती हवी. जीएचएसची सरसकट सक्ती मात्र अजून नाही.

केंद्राने ती सक्ती आणावी. तोवर राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने तपासणीत पिंपांबरोबर कॅन आणि बाटल्याही पाहाव्यात, आणि लेबलावरचे चित्र काय सांगते हे थेट कामगाराला विचारावे. त्याला सांगता आले नाही, तर प्रशिक्षणात त्रुटी असल्याचा शेरा कारखान्यावर मारावा.

– एक निवृत्त सुरक्षा अधिकारी, डोंबिवली