धूर पुण्यात थांबतो, राख विदर्भात साचते

व्हॉट्सॲपवर गेली काही वर्षे एक छायाचित्र फिरते आहे. डोंगर पोखरून केलेला अजस्र खड्डा, कडेकडेने खाली उतरणारे रस्ते, त्यावरून चाललेले ट्रक. खाली मजकूर असतो : ‘ही लिथियमची खाण. हेच का तुमचे पर्यावरणस्नेही वाहन?’ छायाचित्र खरे, मजकूर खोटा. ती चिलीमधली एस्कोंदिदा, जगातली सर्वांत मोठी तांब्याची खाण. चिलीत लिथियम असे खणून काढत नाहीत. अटाकामा वाळवंटातल्या मिठाच्या मैदानाखालचे खारे पाणी पंपाने उपसतात, उथळ तळ्यांत पसरतात आणि वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ उन्हात आटवतात. आपल्याकडच्या मिठागरांत चालते तशीच ही रीत, फक्त विस्तार कित्येक पटींनी मोठा.

पण खोटे छायाचित्र खोडून काढले म्हणजे आक्षेपही खोडला गेला, असे होत नाही. अटाकामा हा पृथ्वीवरच्या सर्वांत कोरड्या प्रदेशांपैकी एक. तळ्यांतून उडून गेलेले पाणी तिथे पावसाने भरून निघत नाही. मैदानाच्या काठी राहणारे आदिवासी समाज या पाण्यासाठी वर्षानुवर्षे कंपन्यांशी आणि सरकारशी झगडत आहेत. तिथल्या फ्लेमिंगोंच्या दोन जातींची संख्या अकरा वर्षांत 10 ते 12 टक्क्यांनी घटल्याचे 2022मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले.

विद्युत वाहनांच्या बॅटरीत लागणाऱ्या कोबाल्टची हकिकत याहून क्लेशदायक आहे. जगातल्या खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी दोन तृतीयांशाहून अधिक एकट्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येते. कोल्वेझी शहराच्या परिसरात मोठ्या यांत्रिक खाणींच्या शेजारीच हजारो माणसे फावड्या-कुदळींनी बोगदे खणतात. ना हेल्मेट, ना मुखपट्टी, ना बोगद्याला आधार. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने जानेवारी 2016मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अगदी सात वर्षांची मुलेही तिथे राबत असल्याची नोंद होती. बॅटरीतल्याच निकेलच्या बाबतीत इंडोनेशियाने 2020पासून कच्च्या खनिजाची निर्यात बंद केली आणि ते देशातच वितळवायचे ठरवले. सुलावेसी आणि हालमाहेरा बेटांवर त्यासाठी ज्या भट्ट्या पेटल्या, त्यांना वीज पुरवायला कोळशाची खास केंद्रे उभी राहिली. स्वच्छ वाहनाच्या नावाने हे झाले आहे आणि ते मान्य केल्याशिवाय या विषयावर प्रामाणिकपणे बोलता येणार नाही.

मात्र इतक्या बारकाईने बॅटरीचा हिशेब मागणाऱ्याने पेट्रोलचाही हिशेब तेवढ्याच काटेकोरपणे मागायला हवा. तो मागितला जात नाही, कारण तेलाने केलेली हानी आपल्या अंगवळणी पडली आहे. दर पावसाळ्यात जुहू-वर्सोव्यापासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर काळे, चिकट तेलगोळे येऊन पडतात. पर्यटक पाय झटकतात, मच्छीमार जाळी साफ करत बसतात आणि चार दिवसांनी विषय मागे पडतो. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबईच्या समुद्रात ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजे एकमेकांवर आदळली. सुमारे 800 टन इंधन तेल समुद्रात सांडले, ते उरण-अलिबागच्या कांदळवनांपर्यंत गेले. तेल काढणे हाच ज्या भूमीचा शाप ठरला, त्या नायजेरियातल्या ओगोनीलँडची स्थिती आणखी भीषण आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2011मध्ये प्रसिद्ध केलेल्या तिथल्या पाहणीच्या अहवालानुसार एका गावातल्या पिण्याच्या पाण्यात बेंझीनचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या 900 पटींहून जास्त निघाले. पूर्ण सफाईला 25 ते 30 वर्षे लागतील, असे त्या अहवालाने सांगितले. आणि ज्या कोबाल्टवरून विद्युत वाहनांना धारेवर धरले जाते, तेच कोबाल्ट इंधनातले गंधक काढण्यासाठी रिफायनरीतल्या उत्प्रेरकांतही वापरले जाते. पेट्रोल भरताना त्याची आठवण कुणी काढत नाही.

दोन्हींमधला खरा फरक आकड्यांत उतरवला की स्पष्ट होतो. लिटरमागे 15 किलोमीटर धावणारी मोटार दीड लाख किलोमीटरच्या आयुष्यात 10,000 लिटर पेट्रोल जाळते. त्या पेट्रोलचे वजन सात टनांच्या पुढे जाते, त्यातून सुमारे 23 टन कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो आणि हाती काहीही उरत नाही. तेवढेच अंतर कापायला 30 युनिट वीज साठवणारी एक बॅटरी पुरते. तिचे वजन अडीचशे किलोच्या आसपास, त्यात लिथियम धातू तीन-चार किलो. ही बॅटरी तयार होताना दोन-तीन टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडलेला असतो, म्हणून शोरूममधून निघणारी विद्युत मोटार पहिल्या दिवशी पेट्रोल मोटारीपेक्षा जास्त प्रदूषण पाठीशी घेऊनच रस्त्यावर येते. पण धातू जळून जात नाही. बॅटरी थकली तरी तिच्यातले लिथियम, तांबे आणि ॲल्युमिनियम तसेच्या तसे असते आणि नीट काढून घेतले तर पुढच्या बॅटरीत जाऊ शकते.

मग भारतात विद्युत मोटारीचा फायदा किती? इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संस्थेने 2021मध्ये वाहनाच्या निर्मितीपासून भंगारापर्यंतचा हिशेब केला. युरोपात मध्यम आकाराची विद्युत मोटार पेट्रोल मोटारीपेक्षा 66 ते 69 टक्के कमी उत्सर्जन करते. भारतात हाच आकडा 19 ते 34 टक्के निघाला. मोटार तीच, बॅटरी तीच, रसायनशास्त्रही तेच. वेगळी आहे ती भिंतीवरच्या प्लगमधून येणारी वीज. आपल्याकडची जवळपास तीन चतुर्थांश वीज आजही कोळसा जाळून बनते.

आणि महाराष्ट्रात तो कोळसा मुख्यतः विदर्भात जळतो. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र 2,920 मेगावॅटचे. नागपूरच्या उंबरठ्यावर कोराडी आणि खापरखेडा. कोळशाच्या एका युनिट विजेसाठी साधारण 650 ते 700 ग्रॅम कोळसा लागतो आणि भारतीय कोळशात 30 ते 40 टक्के राख असते. म्हणजे युनिटमागे दोनशे ग्रॅमहून जास्त राख. पुण्याच्या कर्वे रस्त्यावर गाडीमागे धूर दिसत नाही हे खरे आहे आणि त्या रस्त्यावरून रोज चालणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांसाठी ते फार महत्त्वाचेही आहे. पण त्या गाडीची राख कुठेतरी पडतेच. चंद्रपूर 2009मध्येच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत गेले. जुलै 2022मध्ये मुसळधार पावसात कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी आसपासच्या शिवारांत, नाल्यांत शिरले. तरीही कोराडीत 660 मेगावॅटचे आणखी दोन संच उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि 2023च्या जनसुनावणीत लोकांना पुन्हा एकदा विरोधासाठी उभे राहावे लागले. मुंबई-पुण्याने स्वच्छ हवा घ्यायची आणि तिची किंमत नागपूर-चंद्रपूरने श्वासांत मोजायची, ही वाटणी अन्यायाची आहे. विद्युत वाहनांच्या जाहिरातीत ती कधी दिसत नाही, धोरणाच्या कागदावरही नाही.

म्हणून पेट्रोलच बरे, असा निष्कर्ष यातून निघत नाही. पेट्रोलच्या गाडीचे उत्सर्जन तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत खाली येत नाही, उलट इंजिन जुने होईल तसे ते वाढते. विद्युत वाहन मात्र विजेबरोबर सुधारते. आज घेतलेली गाडी पाच वर्षांनी जास्त सौर आणि पवन विजेवर धावेल, मालकाने काहीही न बदलता. बॅटरीचे रसायनही बदलत आहे. लिथियम-आयन बॅटरीसाठी 2019चे नोबेल मिळवणाऱ्या तिघांपैकी जॉन गुडइनफ यांच्याच प्रयोगशाळेत 1990च्या दशकात लिथियम, लोह आणि फॉस्फेट यांची जोडणी पुढे आली. तिच्यात कोबाल्टही लागत नाही आणि निकेलही. भारतात खपणाऱ्या बऱ्याचशा विद्युत मोटारींत आज हीच बॅटरी असते. कोल्वेझीच्या बोगद्यांची गरज त्यामुळे थेट घटते.

मात्र इथे एक नवी अडचण उभी राहते आणि तिच्याकडे आजच लक्ष गेले पाहिजे. कोबाल्ट महाग असल्यामुळे जुन्या बॅटरीला भंगारात चांगला भाव येतो. लोह-फॉस्फेट बॅटरीत तसे मौल्यवान फारसे काही नाही. जे विकून पैसे मिळत नाहीत ते आपल्याकडे ओढ्यात, रस्त्याकडेला किंवा कचरा डेपोत जाते, हा अनुभव जुना आहे. आणि ज्याला भाव मिळतो त्याचेही आपण काय करतो, हे शिशाच्या बॅटरीने दाखवून दिले आहे. गाड्यांतल्या, इन्व्हर्टरमधल्या आणि उत्तर भारतातल्या लाखो ई-रिक्षांमधल्या शिशाच्या बॅटऱ्या जवळजवळ सगळ्या भंगारवाल्याकडे परत येतात. पण त्यातल्या कितीतरी उघड्यावरच्या भट्ट्यांत वितळवल्या जातात. आम्ल मातीत ओतले जाते आणि शिशाचा धूर वस्तीत पसरतो. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या 2020च्या अहवालानुसार भारतातल्या साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण धोक्याच्या पातळीवर आहे आणि अशा भट्ट्या हे त्याचे एक मोठे कारण. शिसे मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते आणि झालेले नुकसान परत भरून येत नाही.

लिथियमच्या बाबतीत निदान कायदा वेळेत आला. 2022च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. विद्युत वाहनाच्या बॅटरीतून 2026-27पासून 90 टक्के द्रव्ये परत मिळवली पाहिजेत आणि 2027-28पासून नव्या बॅटरीत काही वाटा पुनर्वापरातल्या द्रव्याचा हवा, असे त्यात लिहिले आहे. नियम चांगले आहेत. पण त्यांची अंमलबजावणी तालुक्याच्या गावातल्या स्कूटर दुरुस्तीच्या दुकानापर्यंत पोहोचणार आहे का, यावर सगळे ठरेल. मोठ्या मोटारी सेवा केंद्रात जातील. फुगलेली, निकामी झालेली स्कूटरची बॅटरी त्या दुकानात येते आणि ती द्यायची कुठे, हे त्या मेकॅनिकला कुणी तरी सांगायला हवे, त्याबद्दल त्याच्या हातावर पैसेही ठेवायला हवेत.

राज्याच्या धोरणाचा मुद्दा इथेच येतो. साठ युनिटांची बॅटरी एका मोठ्या मोटारीत घातली तर ती बहुतेक वेळा एक-दोन माणसांना नेते आणि दिवसाचे बावीस तास उभी राहते. तेवढ्याच बॅटरीत वीस स्कूटरी धावतात. आणि विद्युत स्कूटर कोळशाच्या विजेवर चालली तरी पेट्रोल स्कूटरच्या साधारण निम्माच कार्बन डायऑक्साइड तिच्या नावावर लागतो. एसटीची गाडी तर पहाटेपासून रात्रीपर्यंत शेकडो माणसे वाहते. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस सुटली, 2022मध्ये त्याच तारखेला त्याच मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवरची बस सुरू झाली. पुढे 5,150 ई-बस भाड्याने घेण्याचा करार झाला, पण बस येण्याचा वेग वेळापत्रकाच्या खूप मागे राहिला. खाणीतून निघालेल्या प्रत्येक किलो लिथियमचा सर्वाधिक उपयोग जिथे होतो, तिथेच ही दिरंगाई.

उलट 2025च्या राज्य धोरणाने विद्युत मोटारींना अटल सेतू, समृद्धी महामार्ग आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोलमाफी दिली. त्या धोरणात दुचाकी आणि बससाठीही अनुदान आहे, ते योग्यच. पण अटल सेतूवरून महागडी मोटार नेणाऱ्याला सवलत कशासाठी, याचे पटणारे उत्तर कुणी दिलेले नाही. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात 30 लाखांहून अधिक किमतीच्या विद्युत वाहनांवर 6 टक्के कराचा प्रस्ताव होता. काही आठवड्यांतच तो मागे घेतला गेला. हा कर पुन्हा आणला पाहिजे. त्यातून येणारा पैसा एसटीच्या डेपोंत चार्जर बसवायला, कोराडी-चंद्रपूरच्या राखेच्या बंधाऱ्यांना आणि तिथल्या लोकांच्या आरोग्यतपासणीला राखून ठेवता येईल. आणि ज्याच्याकडे विद्युत वाहन आहे त्याने ते शक्य तेव्हा रात्रीऐवजी दुपारी, सूर्याची वीज वीजजाळ्यात असताना चार्ज करावे. त्यासाठी कचेऱ्या, महाविद्यालये आणि बाजारपेठांच्या वाहनतळांवर चार्जर हवेत. नगरपालिकांनी नव्या बांधकामाला परवानगी देताना ही अट आजपासूनच घालावी.