'करावे' म्हणजे नक्की काय करावे?

मंडळी, आजचा विषय जरा वेगळा. माझा भाचा पुण्यात संगणकावरची माहिती दूरच्या यंत्रावर साठवण्याच्या कामात आहे. 'एनएफएस' हे नाव त्याच्याकडूनच कळले. एका संगणकाला आपली फाइल दुसऱ्यावर ठेवायची, तर दोघांनी एकमेकांशी कसे बोलायचे याचे हे नियम. सन कंपनीने १९८४ साली सुरू केले, तिसरी आवृत्ती १९९५ ची. यंत्रातले मला फारसे कळत नाही. वाक्यातले कळते, आणि मी तिथेच अडकले.

एक नियम पाहा. 'हे लिहून ठेव' म्हटले की समोरचे यंत्र 'ठेवले' असे उत्तर देते. पण ठेवले कुठे? वीज गेली की पुसले जाणाऱ्या स्मृतीत, की डिस्कवर पक्के? नियमात दोन्हींची सोय आहे. पक्के ठेवायला सांगितले असेल, तर ते तसे झाल्याशिवाय 'ठेवले' म्हणायचेच नाही. तसे सांगितले नसेल, तर आधी उत्तर देण्याची मुभा. पक्के करण्याचा निरोप मागून. आता यातला 'च' एखाद्याने सल्ला म्हणून वाचला आणि नेमकी वीज गेली, तर कुणाचा तरी हिशेब गेलाच समजा.

असे घोळ होऊ नयेत म्हणून १९९७ मध्ये हार्वर्डच्या स्कॉट ब्रॅडनर यांनी 'आरएफसी २११९' हे तीन पानांचे टिपण लिहिले. 'मस्ट' म्हणजे सक्ती, 'मे' म्हणजे मुभा. 'शुड'चा अर्थ मला फार आवडला: सबळ कारण असेल तर सोडता येईल, पण परिणाम नीट समजून, तोलून. तरी शंका उरलीच. साध्या वाक्यात सहज आलेला 'मस्ट' ही सक्ती धरायची का? त्याचा खुलासा यायला २०१७ उजाडले: मोठ्या लिपीत असेल तरच हा खास अर्थ. एवढ्याशा गोष्टीला वीस वर्षे!

आपल्या देवनागरीला मोठी लिपी नाही. आणि आपला विध्यर्थ तर सगळ्यांनाच पोटात घेतो. 'करावे' यात कर्तव्य, इच्छा, सल्ला, सगळे आले. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली चौदा होते, १९७२ मध्ये चार वाढून अठरा झाले. त्यांतही बहुतेक 'लिहावे', 'द्यावा'. आम्ही शिक्षकांनी मात्र त्यांवर अर्धा-अर्धा गुण कापला!

परवा एका कार्यालयात अर्जावर 'मूळ प्रत जोडावी' असे होते. एका खिडकीवर म्हणाले, झेरॉक्स चालेल. दुसऱ्या खिडकीने अर्ज परत केला. माझ्यासोबतच्या आजोबांना पुन्हा सिन्नरहून यावे लागले.

माझे मत स्पष्ट आहे. सक्ती असेल तिथे 'केलेच पाहिजे', सल्ल्याला 'करावे', मुभेला 'करता येईल' असे लिहा, आणि नियमावलीच्या पहिल्या पानावर तिन्हींचे अर्थ द्या. 'केलेच पाहिजे' उद्धट वाटते, असे कुणी म्हणेल. मला दुसरी फेरी जास्त उद्धट वाटते. आपली मोठी लिपी म्हणजे हा 'च'; तो आहे, तर वापरायला काय हरकत?

भाचा म्हणतो, "मावशी, 'करू नये'चं काय? ती मनाई की नापसंती?" त्यावर अजून विचार चालू आहे. सुचले तर कळवा.