बुलढाण्याच्या थंडीत पेंग्विन कशाला?

डिसेंबर उजाडला की पहिली-दुसरीच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'हिवाळी उपक्रमां'च्या पीडीएफ फिरू लागतात. बर्फाचा माणूस रंगवा. पेंग्विनला घरी पोहोचवा. लोकरी हातमोज्यांच्या जोड्या लावा. मी सॉफ्टवेअरच्या कामात आहे, त्यामुळे ही पानं आपल्यापर्यंत कशी येतात ते मला ठाऊक आहे. कुठल्यातरी थंड देशातल्या शिक्षिकेने आपल्या वर्गासाठी ती बनवली, कुणीतरी डाउनलोड केली आणि मग ती गावोगाव फॉरवर्ड होत राहिली. त्या बाईंचं काहीच चुकलं नाही. त्यांच्या वर्गाबाहेर खरोखरच बर्फ होता.

बुलढाणा जिल्ह्यातल्या शाळेबाहेर काय असतं? घाटावर बुलढाणा-चिखलीकडे सकाळी थंडी झोंबते, घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडे जरा कमी. तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात, हरभऱ्याला घाटे धरू लागतात, कपाशीची वेचणी चालू असते, कुठे ज्वारीचा हुरडा निघतो. सहा-सात वर्षांच्या पोराला यातलं बरंच काही ठाऊक असतं. पण वर्गात त्याच्यापुढे पेंग्विन ठेवला की त्याचं सगळं ज्ञान उंबऱ्याबाहेर राहतं. आपल्या घरात, शेतात, मोहल्ल्यात जे आहे ते 'अभ्यासाचं' नसतं, असं ते मूल कुणी न सांगताच शिकतं. माझा आक्षेप एवढ्यावरच आहे.

हा विचार आपल्याच विदर्भात फार पूर्वी मांडला गेला आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली. तिथे नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन, जे १९६७ मध्ये देशाचे राष्ट्रपती झाले. शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयदैन हेही त्या समितीत होते. मुलाने हाताने काम करावं, आजूबाजूच्या जगातून शिकावं आणि मातृभाषेत शिकावं, हा त्या योजनेचा गाभा. पुढे ठाणे जिल्ह्यात (आताच्या पालघरमध्ये) ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी थेट कुरणातच शाळा नेली.

आता थोडं प्रत्यक्ष कामाचं बोलू. पहिली ते चौथीच्या वर्गात करता येतील असे चार उपक्रम सांगतो. खर्च जवळजवळ शून्य.

पहिला, सावलीचा. मैदानात एक मीटरची सरळ काठी उभी रोवा. आपल्या जिल्ह्यात सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात बारा वाजता नव्हे, तर डिसेंबरात साधारण १२ वाजून २५ मिनिटांनी. २२ डिसेंबरच्या सुमारास त्या वेळी काठीची सावली जवळपास काठीएवढीच, म्हणजे ९७ सेंटिमीटरच्या आसपास भरते. दर सोमवारी त्याच वेळी सावलीच्या टोकाशी एक दगड ठेवा. फेब्रुवारीच्या अखेरीस सावली निम्म्याच्या जवळ आलेली असेल. थंडी का सरते, हे मुलांना दगडांच्या रांगेत दिसेल. असरच्या नमाजची वेळ सावलीवरून ठरते, हे ज्या मुलाच्या नानांना माहीत आहे, ते मूल घरी जाऊन या काठीबद्दल बोलणारच.

दुसरा, शेंगांचा. प्रत्येक मुलाने तुरीच्या पाच शेंगा आणि हरभऱ्याचे पाच घाटे आणायचे. सोलून दाणे मोजायचे. तुरीच्या शेंगेत बहुधा तीन ते पाच निघतात, घाट्यात एक किंवा दोन. दहा-दहाचे ढीग लावले की एकक-दशक आलं. तीन दाण्यांच्या शेंगा एका रांगेत, चारच्या दुसऱ्या, पाचच्या तिसऱ्या अशा मांडल्या की फरशीवरच आलेख तयार.

तिसरा, गोधडीचा. सारख्या दोन बाटल्यांत सारखंच कोमट पाणी भरा. एक गोधडीत गुंडाळा, दुसरी उघडी ठेवा. तासाभराने हात लावून पाहा. गोधडी ऊब देते की असलेली ऊब राखते, यावर तिसरी-चौथीची मुलं छान भांडतात.

चौथा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: शब्दांची भिंत. ऊन आणि धूप, सावली आणि साया, हरभरा आणि चना, थंडी आणि सर्दी. उर्दू शाळेतलं मूल घरी एक बोली बोलतं, शाळेत पुस्तकी उर्दू वाचतं आणि बाजारात मराठी ऐकतं. जिथे उर्दू शाळा प्राथमिकपुरतीच आहे, तिथे पुढे त्याला मराठी वर्गात बसावं लागतं आणि तिथे ते गप्प होतं. मराठी अशी हातात शेंग धरून आली, तर तिची भीती बसत नाही. मराठी शाळेतल्या मुलांनाही शेजारच्या घरातले शब्द कळतात. इंग्रजी शब्द तिसऱ्या ओळीत लिहा, माझी काहीच हरकत नाही.

यावर पालकांचा एक आक्षेप असतो आणि तो खरा आहे. "आम्ही जन्मभर कापूस वेचला, पोरांना त्यातून बाहेर काढायला शाळेत घातलं. तिथेही तूरच मोजायची?" झाकीर हुसेन समितीनेही धोका ओळखला होता. कामातून पैसे निघण्यावरच भर दिला, तर शिक्षण मागे पडेल, असा इशारा तिने अहवालातच दिला. इथे तूर पिकवायला शिकवायचं नाही, गणित शिकवायचं आहे. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि हिशेब करता यावा, हे 'निपुण भारत' अभियानाचं उद्दिष्ट आहे आणि त्याची मुदत २०२६-२७ आहे. वेचणीच्या दिवसांत आई-अब्बा सकाळीच शेतात जातात आणि धाकट्यांना सांभाळायला थोरली मुलगी घरी राहते. आज काठीची सावली कुठवर आली, हे पाहायची ओढ लागली, तर तीच घरी शाळेसाठी हट्ट करेल.

शिक्षकांवर आणखी एक ओझं नको, हेही मान्य. म्हणूनच हा लेख तुमच्यासाठी आहे. आपल्यातले कितीतरी जण पुण्यात, संभाजीनगरात, बेंगळुरूत नोकरी करतात आणि महिन्यातून एखाद्या शनिवारी गावी असतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. त्यात तुमची आपा, भाभी किंवा शेजारची मावशी असू शकते. तिच्यासोबत मुख्याध्यापकांना भेटा. २०२४ पासून आपल्या राज्यात 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम आहे. त्यातला एक तास मागून घ्या. भाषण देऊ नका, लॅपटॉपही नेऊ नका. पिशवीभर तुरीच्या शेंगा न्या आणि मुलांसोबत बस्करपट्टीवर बसा.