आघाडी ऐकू नका, फेरी विचारा

मंडळी, २०२४ चा लोकसभेचा निकाल ४ जूनला लागला. मृगाच्या तोंडावरचे दिवस. शेतावर राबाची घाई आणि हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत गणपतीच्या मूर्तींची. तरी हातातलं काम थांबवून जो तो एकच विचारत होता, "कोण पुढं हाय?" हा प्रश्न अर्धवट आहे. "कितव्या फेरीला?" हेही विचारायला हवं.

मोजणी कशी चालते ते पाहा. सकाळी ८ ला आधी टपाली मतं, अर्ध्या तासानं यंत्रं. आपल्या रायगड मतदारसंघात पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड, दापोली, गुहागर असे ६ विधानसभा भाग. प्रत्येकाची मोजणी वेगळी, सहसा १४ टेबलांवर. म्हणजे एका फेरीत १४ केंद्रं, तीही क्रमांकानं. पहिल्या फेऱ्यांत ज्याचा बालेकिल्ला येतो तो पुढे दिसतो. त्यावर पैज लावणारा नंतर तोंडघशी पडतो.

२०१४ आठवा. अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांना हरवलं ते अवघ्या २ हजार ११० मतांनी. सहा भागांत वाटली तर प्रत्येकी साडेतीनशेच्या आसपास. प्रत्येक भागातल्या एखाद्या वाडीनं घरी बसायचं ठरवलं असतं तरी निकाल फिरू शकला असता. त्यातच सुनील तटकरे याच नावाच्या एका अपक्षाला ९ हजारांवर मतं गेली होती! पुढे हेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. २०१९ ला तटकरे ३१ हजारांवर मतांनी आणि २०२४ ला ८२ हजारांवर मतांनी निवडून आले. तेव्हा "माझ्या एका मतानं काय होतंय" असं म्हणणाऱ्याला २०१४ चा आकडा सांगा.

आता गावाच्या कामाची गोष्ट. मतपत्रिका होत्या तेव्हा त्या एकत्र मिसळून मोजायची पद्धत होती. कुठल्या गावानं कुणाला मत दिलं, ते कळत नसे. यंत्र आलं आणि केंद्रवार आकडे उघडे झाले. अनेक केंद्रांची मतं एकत्र मोजणारं यंत्र आणावं, असं निवडणूक आयोगानं २००८ मध्ये सुचवलं होतं, विधी आयोगानंही २०१५ मध्ये शिफारस केली. ते अजून आलेलं नाही. म्हणून निकालानंतर पारावर हिशेब सुरू होतो, "त्या आळीनं दगा दिला."

सरपंच, सदस्य आणि ग्रामसेवकांनी इथंच सावध राहावं. केंद्राचा आकडा पाहून नळाची जोडणी, रस्त्याची खडी वाटू नये. उधाणाचं पाणी बांध फोडून आत शिरतं तेव्हा ते कुणाचं शेत कुठल्या पक्षाचं, हे पाहत नाही. बांध दुरुस्त करायलाही सगळं गाव लागतं.

एक काम मात्र जरूर करा. मतदान संपताच केंद्राध्यक्ष नमुना १७ सीची प्रत प्रतिनिधींना देतात. त्यात केंद्रावर पडलेल्या एकूण मतांची नोंद असते. ती जपून ठेवा आणि मोजणीच्या टेबलावर आकडा जुळवा. शंका असेल तर तिथंच लेखी द्या. नंतर पारावर बोलून काही उपयोग नाही.