पाखरांचे पाणी आणि आपले आरोग्य

उन्हाळ्याच्या तोंडावर फुलसावंगीच्या वस्तीत आरोग्याच्या बैठकीत आम्ही सांगितले, की अंगणात पाखरांसाठी पाणी ठेवा. एक आजी लगेच म्हणाल्या, "शिस्टर, माणसालेच पाणी पुरत नाही, पाखराईले कोठून आणू?" बायका हसल्या. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. जिच्या डोक्यावर हंडा आहे तिला तो विचारण्याचा हक्क आहे.

म्हणून आधी हिशेब सांगतो. पसरट मातीच्या भांड्याला तांब्याभर पाणी पुरते. दुसऱ्या दिवशी उरलेले पाणी शेवग्याच्या किंवा जास्वंदीच्या बुडाशी ओतायचे. म्हणजे थेंबही वाया जात नाही.

एवढ्या पाण्यावर चिमण्या, साळुंक्या, होले, बुलबुल येतात. जास्वंद फुलली असेल तर इवलासा शिंजीर मध प्यायला येतो. सकाळी दहा मिनिटे मोबाईल बाजूला ठेवून पायरीवर बसावे आणि नुसते पाहावे. दिवसभर निंदण, घरी आल्यावर चूल, यात आपल्या बायांना स्वतःचे असे दहा मिनिटेही मिळत नाहीत. मन थाऱ्यावर यायला एवढा वेळही कामी येतो. बीपीची गोळी मात्र याच्या भरवशावर बंद करू नये.

पाखरे आपल्याला सावधही करतात. त्यांना घाम येत नाही, म्हणून ऊन वाढले की ती चोच उघडून धापा टाकतात. कडुलिंबाखाली असे पाखरू दिसले, की आपणही सावलीत यावे, पाणी प्यावे. उष्माघात माणूस पाहून येत नाही.

आता काळजीच्या गोष्टी. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात आणि अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. म्हणून पाणी रोज बदलावे आणि भांडे आतून घासावे. नंतर हात साबणाने धुवावेत. मेलेल्या पाखराला उघड्या हाताने शिवू नये.

फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी पाण्यासाठी वापरू नये, पाखरांच्या नाही आणि माणसांच्याही नाही. 2017 मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. ते आपण विसरू नये.

पोरांच्या हातात गलोल दिसली तर रागावण्याआधी त्यांना गोष्ट सांगा. देवदत्ताच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्ष्याची सिद्धार्थाने मलमपट्टी केली, त्याला पाणी पाजले आणि ऊब दिली. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये ती सांगितली आहे. आम्हा नर्सेसना ती फार जवळची वाटते. जखम, पाणी, ऊब, याच क्रमाने आम्हीही काम करतो. मग पोरांना वहीत लिहू द्या, आज अंगणात कोण कोण आले.

20 मार्च हा जागतिक चिमणी दिन. आपल्यासाठी ही तारीख फार जुनी आहे. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या तळ्यावर पशुपक्ष्यांना बंदी नव्हती, आपल्या माणसांना होती. पाणी नाकारले जाणे म्हणजे काय, हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले, त्यांच्या दारातून तहानलेला जीव परत जाऊ नये, असे आम्हाला वाटते.

आणि आजीचा प्रश्नही सोडायचा नाही. येत्या 20 मार्चला प्रत्येक घरापुढे पाखरांसाठी भांडे ठेवू, आणि त्याच दिवशी वस्तीच्या नळासाठी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज देऊ. पोचपावती घेतल्याशिवाय परत यायचे नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!