फुलांची जत्रा आणि आपला वाफा

२०२७ सालचे आंतरराष्ट्रीय उद्यान प्रदर्शन जपानमधल्या योकोहामाला ठरल्यापासून आपल्या वर्गाच्या पालकांत एक विषय वरचेवर निघतो: असे प्रदर्शन ब्रिटननेही पुन्हा भरवावे. म्हणजे लोकांना, विशेषतः मुलांना, बागकामाची गोडी लागेल. आम्हांला हे पटत नाही.

'पुन्हा' अशासाठी, की १९८४ साली ते लिव्हरपूलला भरले होते. १९८१ मध्ये तिथल्या टॉक्स्टेथ भागात दंगली झाल्या. त्यानंतर मंत्री मायकेल हेझल्टाइन यांनी शहरासाठी ज्या योजना पुढे रेटल्या त्यांतली ही एक. मर्सी नदीकाठची कचऱ्याने भरलेली पडीक जमीन साफ करून साठाहून अधिक बागा उभ्या केल्या. २ मे ते १४ ऑक्टोबर या काळात सुमारे ३४ लाख लोक येऊन गेले. (बालमित्रांनो, लिव्हरपूलच्या विमानतळाबाहेरची ती मोठी पिवळी पाणबुडी या प्रदर्शनातलीच बरं का!) जमीन साफ झाली हे उत्तमच झाले. पण दारे बंद झाल्यावर पुढच्या योजना तडीस गेल्या नाहीत. काही भागावर घरे झाली, बाकीच्यात रान माजले. चिनी आणि जपानी बागा दुरुस्त होऊन लोकांसाठी उघडायला २०१२ साल उजाडले. त्या ३४ लाखांपैकी किती जणांनी घरी जाऊन एखादे रोप लावले असेल?

डच लोकांचे पाहा. फुलांचे वेड त्यांना कोणी शिकवायला नको. १९६० पासून साधारण दर दहा वर्षांनी ते 'फ्लोरिआड' भरवत आले. २०२२ साली आल्मेरे शहरात वीस लाखांची अपेक्षा होती, आले सात लाखांहून कमी, आणि तोटा नगरपालिकेच्या अंगावर पडला. म्हणून काय डचांनी बागा सोडल्या? तिकिटांवरून लोकांची आवड मोजणे हेच मुळात चूक.

इथली आवड पाहायची तर अलॉटमेंटवर जावे. दुसऱ्या महायुद्धात 'डिग फॉर व्हिक्टरी'च्या हाकेनंतर असे सुमारे चौदा लाख तुकडे लोक कसत होते. आता त्याच्या पाव हिस्साच उरले आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी नाव घातल्यावर वर्षानुवर्षे थांबावे लागते. आवड आहे, जमीन नाही!

मुलांचे म्हणाल तर, प्रदर्शनात पाहायचे असते, हात लावायचा नसतो. मेथीला चार-पाच दिवसांत अंकुर फुटतात, महिना-सव्वा महिन्यात भाजी निघते. मधल्या काळात निम्मी गोगलगाई खातात, मग मुले रात्री टॉर्च घेऊन त्या वेचायला निघतात. वाफा, आळे, खुरपे, निंदणी हे शब्द फळ्यावर कितीदा लिहिले, मुलांच्या तोंडी बसत नाहीत. हाताला चिखल लागला की बसतील.

आता कामाचे. लंडनचा मधला भाग वगळता इंग्लंड-वेल्समध्ये १९०८ चा कायदा अजून लागू आहे. मतदारयादीतल्या किंवा कौन्सिल टॅक्स भरणाऱ्या सहा रहिवाशांनी लेखी मागणी केली, तर कौन्सिलला तिचा विचार करावाच लागतो. पूर्ण तुकडा दहा रॉडचा, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर. आपल्या वर्गाला अर्धा पुरे. सहांतली दोन नावे आमच्या घरची धरा. अर्जाचा कागद येत्या शनिवारी चहाच्या टेबलावर ठेवतो, पेनसुद्धा.