बिनमार्कांची गाडी



इंजिनिअरिंगच्या मुलाच्या हातात कानस दिसली की बघणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठल्या सबमिशनचं आहे रे हे?" सबमिशनचं नाही म्हटलं की दुसरा प्रश्न, "मग मार्क कशाचे?" आणि मार्कही नाहीत म्हटलं की तिसरा प्रश्न येतच नाही, नुसती एक दयेची नजर येते! गेले सहा महिने ही नजर मी आणि माझा रूम पार्टनर हॉस्टेलच्या तिन्ही मजल्यांवर झेलतो आहोत. कारण आम्ही एक गाडी बनवली. रिमोटवर चालणारी, सव्वा वीत लांबीची, वजनाला 900 ग्रॅम, आणि रस्ता सोडून दगडधोंड्यांवर चढणारी.

या जातीच्या गाडीला 'रॉक क्रॉलर' म्हणतात. क्रॉल म्हणजे रांगणं. मूळ खेळ मोठ्या जीपगाड्यांचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियात रुबिकॉन ट्रेल नावाची खडकाळ वाट आहे, तिथे 1953 पासून जीपवाल्यांचा मेळा भरतो. त्याचंच हे खेळण्याएवढं रूप. यात शर्यत वेगाची नसते. दगडांमध्ये खुंट्यांची फाटकं लावलेली असतात, त्यांना न शिवता, शक्यतो रिव्हर्स न घेता पार व्हायचं. खुंटी पडली की दंड, गाडी मागे घेतली की दंड. ज्याचा दंड कमी तो जिंकला.

आता यात लेख लिहिण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. सांगतो. माझं म्हणणं एवढंच आहे की चार वर्षांत आपण जे पाठ करतो, त्यातलं बरंचसं या बिनमार्कांच्या गाडीने आम्हाला समजावून दिलं. आणि ते समजण्याची सोय आपल्या कॉलेजात संध्याकाळी पाच वाजता कुलूप लावून बंद होते. या कुलपाबद्दल मला बोलायचंय. पण आधी गाडीबद्दल, नाहीतर माझं म्हणणं तुम्हाला नुसतं रडगाणं वाटेल.

पहिला मुद्दा वेगाचा. आमच्या गाडीच्या दोन्ही ॲक्सलवर एकेक एन-20 जातीची, बोटाच्या पेराएवढी गिअर मोटर आहे. सहा व्होल्टला तिचा शाफ्ट मिनिटाला 100 फेरे घेतो. पुढे जुन्या प्रिंटरातून काढलेले 15 आणि 30 दात्यांचे गिअर, म्हणजे चाकाला 50 फेरे. चाकाचा व्यास 60 मिलिमीटर, परीघ 18.8 सेंटिमीटर. गुणाकार केला की मिनिटाला साडेनऊ मीटरच्या आतच! हॉस्टेलमधलं झुरळसुद्धा हिला ओव्हरटेक करतं. "एवढ्यासाठी सहा महिने?" असं आमच्या शेजारच्या रूमने विचारलंच. पण 23 ऑगस्ट 2023 ला चंद्रावर उतरलेल्या चांद्रयान-3 मधला 26 किलोचा 'प्रज्ञान' रोव्हर आठवा. त्याचा वेग सेकंदाला एक सेंटिमीटर होता. आमची गाडी त्याच्या पंधरापट पळते! जिथे रस्ताच नाही तिथे वेग कामाचा नसतो, टॉर्क कामाचा. 45 अंशांच्या चढावर आमची गाडी उभी धरायला किती टॉर्क लागतो? 0.9 किलो गुणिले साइन 45 गुणिले तीन सेंटिमीटर त्रिज्या, म्हणजे सुमारे 1.9 किलो-सेंटिमीटर. अकरावीच्या फिजिक्सचा हा हिशोब. पण तेव्हा त्यातला 'ब्लॉक' कधी आपल्याच हातातून घसरून खाली आला नव्हता, त्यामुळे साइन घ्यायचा की कॉस हे पाठच करावं लागायचं. आता आयुष्यात विसरणार नाही.

दुसरा मुद्दा सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीचा. हॉस्टेलच्या गादीवर लिथियम-पॉलिमर बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून झोपणं म्हणजे आगीला निमंत्रण. म्हणून आम्ही सरळ निकेल-मेटल-हायड्राइडचे पाच सेल घेतले. पाच गुणिले 1.2, झाले सहा व्होल्ट. वजन सुमारे 140 ग्रॅम. हे वजन ठेवायचं कुठे? वर मधोमध, जमिनीपासून 13 सेंटिमीटरवर ठेवलं तर सगळ्या गाडीचा सीजी 7 सेंटिमीटरवर येत होता. तेच सेल पुढच्या ॲक्सलवर, 4 सेंटिमीटरवर बांधले की सीजी 5.6 वर उतरतो आणि दीड सेंटिमीटर पुढेही सरकतो. चाकांमधलं अंतर रुंदीत 18 आणि लांबीत 20 सेंटिमीटर. कॅल्क्युलेटर काढा. आडवं उलटण्याचा कोन 52 वरून 58 अंशांवर जातो, आणि चढावर मागे कोलमडण्याचा कोन 55 वरून 64 वर. एक पैसा खर्च नाही, फक्त जागा बदलली! मेसमधल्या एका फळीवर गाडी ठेवून, चाकं घसरू नयेत म्हणून खिळ्यांचा अटकाव देऊन, फळी उचलत उचलत आम्ही हे कोन मोजले. हिशोबापेक्षा दोन-तीन अंश कमी भरले. कारण? स्प्रिंग दबतात आणि गाडी उताराच्या बाजूला झुकते. पुस्तकातल्या गणितात ती झुकत नाही. पुस्तक आणि फळी यांच्यातले ते तीन अंश म्हणजेच इंजिनिअरिंग, असं माझं प्रामाणिक मत झालंय.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात आवडतो. डिफरन्शियल! व्हायवात हमखास विचारला जाणारा प्रश्न. "वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरावं म्हणून," हे उत्तर सगळ्यांचं तोंडपाठ. पण तेच डिफरन्शियल एक चाक हवेत गेलं की सगळा फिरण्याचा जोर त्या हवेतल्या चाकाला देऊन टाकतं आणि गाडी जागेवर बसते. गावाकडे उसाच्या ट्रॉलीचा ट्रॅक्टर चिखलात फसला की ड्रायव्हर डिफरन्शियल लॉकवर पाय का देतो, ते हेच. त्याला व्हायवा कुणी घेतलेली नसते, तरी माहीत असतं. क्रॉलरमध्ये म्हणून डिफरन्शियल काढूनच टाकतात. डावं-उजवं चाक एकाच अखंड शाफ्टवर. वळायला जागा जास्त लागते, पण चढताना पाय सुटत नाही.

आता गंमत पाहा. आमच्या दोन ॲक्सलना दोन वेगळ्या मोटरी. त्या सीरीजमध्ये जोडायच्या की पॅरललमध्ये? आम्ही दोन्ही करून पाहिलं. सीरीजमध्ये दोघींतून करंट एकच, म्हणजे टॉर्क सारखा. पुढची चाकं उचलली की ती भन्नाट फिरतात, व्होल्टेज सगळं तिकडेच जातं, आणि मागची मोटर मलूल पडते. म्हणजे हुबेहूब ओपन डिफरन्शियल! पॅरललमध्ये दोघींना व्होल्टेज सारखं, म्हणून वेग जवळपास सारखा. पुढची चाकं हवेत असली तरी मागची इमानेइतबारे ढकलत राहतात. म्हणजे लॉक केलेलं डिफरन्शियल. चार वायरी इकडच्या तिकडे केल्या आणि मेकॅनिकलचा धडा इलेक्ट्रिकलच्या भाषेत समजला. आमच्या रूममध्ये मी मेकॅनिकलचा आणि पार्टनर इलेक्ट्रिकलचा. तीन वर्षांत आमच्या दोघांच्या सिलॅबसची अशी गळाभेट पहिल्यांदाच झाली.

अशी उदाहरणं अजून आहेत. पुढचं चाक वळलेलं असताना फिरायलाही हवं, म्हणून तिथे युनिव्हर्सल जॉइंट लागतो. एकेरी जॉइंट 30 अंशांत वाकला की चाकाचा वेग एकाच फेऱ्यात 0.87 पट ते 1.15 पट असा खालीवर होतो. थिअरी ऑफ मशीन्सच्या पेपरात याचा ग्राफ काढला होता. पूर्ण वळण घेऊन गाडी हळू चालवली की तो ग्राफ डोळ्यांनी दिसतो, चाक लंगडल्यासारखं चालतं!

"पण हे सगळं स्वतः कशाला करायचं? रेडीमेड मिळते की!" हा आक्षेप अनेकांनी घेतला. मिळते, आणि उत्तम मिळते. पैसे असतील तर जरूर घ्या. पण तयार गाडीत उत्तरं आधीच देऊन ठेवलेली असतात, प्रश्न मात्र कोणी सांगत नाही. बॅटरी पुढे का, डिफरन्शियल का नाही, हे विचारायची वेळच येत नाही. आणि 'शून्यातून बनवणं' म्हणजे खाणीतून तांबं काढणं नव्हे. आम्हीही मोटरी, सर्व्हो आणि युनिव्हर्सल जॉइंट पुण्याला बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून आणले. रेडिओ सेट एका सीनियरकडून सेकंडहँड घेतला. तो 2.4 गिगाहर्ट्झचा, हा बँड आपल्याकडे 2005 सालीच लायसन्समुक्त झालाय, त्यामुळे परवानगीची भानगड नाही. बाकी चासी दोन मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम पट्टीची, सस्पेन्शनच्या लिंका सायकलच्या स्पोकच्या (टोकाला आटे आणि निपल आयतेच मिळतात, लांबी कमीजास्त करता येते), शॉकअबमधल्या स्प्रिंगा बॉलपेनच्या, आणि टायर म्हणजे फोमच्या रिंगवर चढवलेली स्कूटरची जुनी ट्यूब. सगळा खर्च साडेचार हजारांच्या आत, दोघांत वाटून. काय विकत घ्यायचं आणि काय करायचं, हे ठरवणं आपल्या हातात असलं म्हणजे झालं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. हे सगळं आम्ही कुठे केलं? खिडकीच्या कट्ट्यावर! पट्टी पायाखाली दाबून हॅक्सॉ चालवली. भोकं पाडायला गावातल्या वेल्डिंगवाल्याच्या हातापाया पडलो. आणि इकडे आपल्या वर्कशॉपमध्ये बेंच व्हाइसच्या रांगा, पिलर ड्रिल, कानशींनी भरलेली कपाटं. फर्स्ट इयरला त्यावर एक चौकोनी फिटिंगचा जॉब घासायचा (तोही कित्येकांना सीनियरकडून वारशाने मिळतो!), त्यानंतर तीन वर्षं त्या व्हाइसचं दर्शन नाही. वर्कशॉप दहा ते पाच उघडं, आणि दहा ते पाच आम्ही लेक्चर-प्रॅक्टिकलला. पाचनंतर आम्ही मोकळे, तर वर्कशॉपला कुलूप. थ्रीडी प्रिंटर काचेच्या केबिनमध्ये, पाहुणे आले की दाखवायला.

मग फायनल इयरला काय होतं, ते आपण सगळे जाणतो. 'प्रोजेक्ट करून मिळतील' अशा पाट्या शहरात उगाच लागत नाहीत. आठ हजार, दहा हजार मोजले की रिपोर्ट, पीपीटी, मॉडेल सगळं हातात. मुलं आळशी आहेत म्हणून हे होतं, असं म्हणणं सोपं आहे. पण ज्याने तीन वर्षांत ड्रिल हातात धरलेलं नाही त्याने चौथ्या वर्षी एकदम मशीन बनवावं, ही अपेक्षा तरी कुठली? पोहायला न शिकवता विहिरीत ढकलण्यासारखंच आहे. काही कॉलेजांच्या बाहा टीम आहेत. 2007 पासून आपल्या देशात होणारी ती स्पर्धा नक्कीच मोठी गोष्ट आहे. पण त्याला लाखांचा स्पॉन्सर लागतो आणि टीममध्ये वीस-पंचवीस जणांनाच जागा. उरलेल्या शेकडो मुलांनी काय नुसत्या टाळ्या वाजवायच्या?

दुसरी बाजू मला दिसत नाही असं नाही. रात्री लेथवर कुणाचा हात गेला तर जबाबदार कोण, हा प्रश्न रास्त आहे. वर्कशॉपच्या मामांनाही घर आहे, त्यांनी आमच्या हौसेसाठी फुकट का थांबावं? म्हणून मागणी मोठी नाही. लेथ, मिलिंग, वेल्डिंग बंदच राहू द्या. फक्त फिटिंग सेक्शन, म्हणजे सहा व्हाइस, एक ड्रिल मशीन आणि कानशी, आठवड्यातून दोन संध्याकाळी पाच ते आठ उघडा. मामांना ओव्हरटाइम मिळावा. त्यासाठी नोंदवलेल्या मुलांकडून महिन्याला थोडी फी घ्या, आम्ही आनंदाने देऊ. बूट, गॉगल घातल्याशिवाय प्रवेश नाही. ड्रिलवर सरांनी एकदा परीक्षा घेऊन सही दिली असेल तोच उभा राहील. आणि कोपऱ्यात एक भंगाराचं कपाट ठेवा. लॅबमधले बाद झालेले प्रिंटर, सीडी ड्राइव्ह, पंखे लिलावात किलोवर जाण्याआधी महिनाभर तिथे राहू देत.

एक विनंती मात्र हात जोडून करतो. या संध्याकाळींना मार्क ठेवू नका. मार्क आले की जर्नल येतं, जर्नल आलं की सीनियरचं जर्नल येतं, आणि मग गाडीही सीनियरचीच येते!

आणि मित्रांनो, थोडं आपल्यालाही. वर्कशॉप उघडलं आणि तिथे चारच टाळकी आली, तर महिन्याभरात ते बंद होईल आणि तो दोष कॉलेजचा नसेल. नोंदणीची वही आमच्या रूमबाहेर दोरीला टांगली आहे. ब्रँच कुठलीही चालेल, कॉम्प्युटरवाल्यांना तर खास आमंत्रण. पंधरा नावं झाली की आम्ही ती घेऊन वर्कशॉप सुपरिंटेंडेंट सरांना भेटणार आहोत. आत्तापर्यंत नऊ झाली आहेत.